रोजच्या वापरासाठी घडीचा चाकू घ्यायचा आहे. सगळ्यात जास्त दिवस धार टिकवणारं पोलाद कोणतं?

तुम्ही म्हापशाला राहता, बजेट तीन-साडेतीन हजार, आणि डी२, ८सीआर१३एमओव्ही, एस३०व्ही असली नावं वाचून डोकं गरगरलंय, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. माझं सावईवेऱ्याला कुळागर, म्हणजे पोफळी-मिरीची बाग आहे. खिशात चाकू नसला की चप्पल विसरून घराबाहेर पडल्यासारखं वाटतं. मिरीच्या वेली पोफळीला बांधताना सुंभ कापायचं, खताची गोणी फोडायची, भिंडां म्हणजे कोकमाची फळं चिरायची, सगळं त्याच्यावरच. म्हणून सरळ उत्तर आधी देतो: गोव्यात वापरायचा असेल तर १४सी२८एन किंवा १२सी२७ पोलादाचा घ्या. डी२च्या नादाला लागू नका.

मी लागलो होतो. तुमच्यासारख्याच याद्या वाचल्या, धार टिकण्यात डी२ वरच्या नंबरात, किंमतही आवाक्यातली, म्हणून मागवला. उन्हाळाभर खूश होतो, कारण पंधरा-पंधरा दिवस निसणा काढावा लागत नव्हता. मग मे संपता संपता एका संध्याकाळी भिंडां चिरली, पातं पँटला पुसलं, घडी घालून चाकू खिशात टाकला. सकाळी उघडला तर धारेच्या अगदी कडेला तांबूस ठिपके, मोहरीहून बारीक. अंगठ्याचं नख धारेवरून अलगद ओढलं तर जागोजागी अडकत होतं. रात्रभरात काही न कापता धार गेली होती. भिंडांचं आंबटपण आणि पावसाआधीची ती घामट हवा, एवढं पुरलं.

डी२मध्ये क्रोमियम साधारण १२ टक्के असतं, म्हणून विकणारे त्याला 'जवळजवळ स्टेनलेस' म्हणतात. पण त्यात कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास. तो कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःकडे ओढतो आणि त्याचे कडक कण बनतात, त्यांना कार्बाइड म्हणतात. धार झिजू देत नाहीत ते हेच कण. गंज मात्र अडवतं ते पोलादात विरघळून राहिलेलं क्रोमियम, आणि तेच कमी पडतं. १४सी२८एनमध्ये कार्बन जेमतेम ०.६ टक्का, क्रोमियम १४, वर चिमूटभर नायट्रोजन. कार्बाइड थोडे आणि बारीक, त्यामुळे धार डी२इतकी लांबत नाही, पण सहजासहजी गंजत नाही आणि निसण्यावर पाच मिनिटांत परत येते.

त्या याद्यांमागे बऱ्याचदा कॅट्रा नावाची चाचणी असते. शेफील्डची. यंत्र सिलिका मिसळलेल्या कार्डांच्या थप्पीवर पातं मागे-पुढे फिरवतं आणि एकूण किती मिलिमीटर कापलं ते मोजतं. चाचणी प्रामाणिकच आहे, पण ते कार्ड कोरडं असतं. जुलैत आमच्याकडे काडेपेटीसुद्धा कोरडी नसते.

याद्यांत न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे धारेचा कोन. त्याच पोलादाचं पातं प्रत्येक बाजूला २० ऐवजी १५ अंशांवर घासलं तर ते नुसतं जास्त सहज कापत नाही, जास्त वेळ कापत राहतं. पातं २ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ निसण्यापासून पाच मिलिमीटरच्या किंचित वर उचलायची, की झाले १५ अंश. १००० ग्रिटचा, म्हणजे मध्यम-बारीक कणांचा दगड पुरे. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाला कुसळासारखी कड लागेपर्यंत. वर्कशॉपवाले तिला बर म्हणतात. ती लागली की बाजू बदला, शेवटी हलक्या हाताने दोन्हीकडून आणि मग जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, धार मागे ठेवून. आमचा रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारा, माडावर चढण्याआधी काती, म्हणजे त्याचा कोयता, घासूनच कमरेला लावतो. धार किती दिवस टिकते, हा प्रश्न त्याला कधी पडलेला मी पाहिला नाही.

बाकीच्या नावांबद्दल थोडक्यात. ८सीआर१३एमओव्ही स्वस्त चाकूंत सर्रास असतं, वाईट नाही, पुसून ठेवलं तर चालतं. एस३०व्ही उत्तम, पण त्यातले व्हॅनेडियमचे कार्बाइड साध्या दगडाला दाद देत नाहीत, हिऱ्याची पट्टी लागते, आणि तुमच्या बजेटात खरं एस३०व्ही कोणी देत असेल तर मला शंकाच येईल. मासेमारीला खाऱ्या पाण्यात नेणार असाल तर एच१ किंवा एलसी२००एन. गंज जवळजवळ नाहीच, खिसा मात्र रिकामा होतो. २०२१चं मॅग्नाकट धार आणि गंज दोन्ही बाबतींत चांगलं आहे, पण पहिल्याच चाकूला नको.

ओपिनेल घ्यायचा मोह होईल, दिसतोच तसा देखणा. घेतलात तर इनॉक्स, म्हणजे स्टेनलेसचा घ्या, कार्बनचा नको. आणि पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगते, मग पातं आतच अडकतं आणि तुम्ही दातांनी सुतळी सोडत बसता. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद मऊ, कडकपणाच्या रॉकवेल मापात ५६च्या आसपास. पण माझ्या भावाकडचा बारा वर्षांचा आहे आणि त्यावर अजून एक ठिपका नाही.

फणस कापणार असाल तर एक सांगतो. चीक बिजागरीत गेला की चाकू उघडेनासा होतो. खोबरेल लावा, दहा मिनिटांनी पुसा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.  नंतर बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब.

आणि विमानाने जाताना चाकू आठवणीने चेक-इनच्या बॅगेत टाका. मी हातातल्या पिशवीत विसरलो होतो. तोच तो डी२, त्यामुळे फारसं वाईट वाटलं नाही.