कोयत्याची पारख : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पाऊस ओसरू लागला की बांधावरची झुडपे डोक्याइतकी वाढलेली असतात आणि घरातला जुना कोयता हातात घेतल्यावर त्याची मूठ हललेली आढळते. या दिवसांत आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न कोयत्याच्या निवडीविषयीचे आहेत. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

दिंडोरी रस्त्याला आम्ही अर्धा एकर जागा घेतली आहे. घाणेरी, वेडी बाभूळ आणि बांधावरचा बांबू या सगळ्यांसाठी एकच मजबूत कोयता घ्यायचा आहे. ऑनलाइन मिळणारे काळ्या रंगाचे, सहा मिलिमीटर जाडीचे आणि पाठीवर करवतीचे दात असलेले हत्यार घ्यावे का? — एक वाचक, म्हसरूळ

घेऊ नये. जाड पाते म्हणजे मजबूत पाते, हा समज दुकानदारांनी वाढवला आणि चित्रपटांनी पक्का केला. टोकापर्यंत एकसारखे सहा मिलिमीटर जाड असलेले पाते तुटत नाही हे खरे; परंतु ते लाकडात शिरतही नाही, पाचरीसारखे अडकून बसते आणि अर्ध्या तासात मनगट भरून येते. दमलेल्या हाताचा घाव चुकतो आणि चुकलेला घाव बहुधा नडगीवर येतो. पाठीवरचे दात तर केवळ शोभेचे समजावेत. खऱ्या करवतीचे दात आलटून पालटून दोन्ही बाजूंना किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद होते आणि करवत मोकळी चालते. या हत्यारांचे दात सरळ असतात, म्हणून ते लाकडात रुततात; शिवाय प्रत्येक खाचेपाशी पोलाद कमकुवत होते आणि पाते तडकलेच तर बहुधा तेथूनच तडकते.

दक्षिण अमेरिकेत उसासाठी आणि गवतासाठी वापरतात ती पाती लांब आणि जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची असतात. ती हिरव्या, मऊ वाढीवर सपासप चालतात; पण वाळलेल्या बाभळीवर घाव घातला की लचकतात आणि हाताला झिणझिण्या आणतात. आपल्याकडचा पुढे वळलेला, टोकाकडे भार असलेला आखूड कोयता लाकडी खोडांसाठीच घडत आला आहे. त्याच्या वळणाचे दोन उपयोग आहेत. काटेरी फांदी आकड्यासारखी ओढून घेता येते, आणि जमिनीलगत घाव घालताना टोक आधी मातीला टेकत असल्याने मधली धार दगडावर आपटण्याचा संभव कमी होतो.

आपल्या कामासाठी अकरा ते तेरा इंचांचे पाते पाहावे. पाठीची जाडी मुठीपाशी चार ते पाच मिलिमीटर असावी आणि टोकाकडे ती तीनपर्यंत उतरत गेलेली असावी. एकंदर वजन सहाशे-सातशे ग्रॅमच्या आसपास असले की पुरे. मनगटाहून जाड खोड लागले तर कोयता बाजूला ठेवून करवत घ्यावी. त्यात कमीपणा नाही. बांबू तोडताना पेराच्या गाठीच्या किंचित वर तोडावा, म्हणजे उरलेल्या खुंटाच्या पोकळीत पाणी साचून बेट कुजत नाही.

बुधवारच्या बाजारात घिसाडी बांधव “गाडीच्या पाट्याचा” म्हणून कोयता दाखवतात. तो खरोखर पाट्याचा आहे आणि त्याला पाणी नीट पाजले आहे, म्हणजे तापवून व बुडवून नीट कडक केले आहे, हे विकत घेण्यापूर्वी कसे ओळखावे? — एक वाचक, पंचवटी

आलेल्या प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कोयत्याचे आयुष्य आकारापेक्षा या दोन गोष्टींवर ठरते.

ट्रकच्या कमानपाट्यात, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीत, साधारणपणे अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. बांधकामाच्या पट्टीत किंवा गजात तो पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, आणि इतक्या कमी कार्बनच्या लोखंडाला कितीही वेळा पाण्यात बुडवले तरी कोयत्याला लागणारा कडकपणा येत नाही. दोन्ही काळेच दिसतात. फरक कळतो तो सहाणेच्या चाकावर. पाठीचा कोपरा क्षणभर चाकाला लावून ठिणग्या पाहाव्यात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात आणि विझतात. पाट्याच्या ठिणग्यांची टोके फुटतात, त्यांना फाटे पडतात आणि बारीक चांदण्या उडाल्यासारखे दिसते. कारागीर पाट्याचेच काम करत असेल तर तो ही चाचणी आनंदाने करू देतो. त्याने टाळाटाळ केली तर आपण काय ते समजावे.

पाणी पाजण्याची पारख याहून नाजूक आहे. पोलाद लाल तापून चुंबकाला चिकटेनासे झाले, म्हणजे साधारण 770 अंश सेल्सियसच्या वर गेले, आणि त्याच्याही थोडे पुढे तापवले की ते एकदम थंड केल्यावर कडक होते. परंतु तेवढ्यावर थांबले तर ते काचेसारखे ठिसूळ राहते. जाणता लोहार केवळ धारेकडचा भाग बुडवतो, पाठ तापलेलीच ठेवतो, पाते चटकन बाहेर काढून धार दगडाने घासून लख्ख करतो आणि वाट पाहतो. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे उतरू लागते, आणि त्या लख्ख पट्टीवरून आधी गवताळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग सरकत जातो. पिवळा म्हणजे सुमारे 230 अंश, निळा म्हणजे 300 च्या आसपास. धारेवर तपकिरी-जांभळा रंग पोहोचताच तो पाते पुन्हा पाण्यात सोडतो. अशा कोयत्याची धार कडक असते आणि पाठ चिवट राहते. ही सारी क्रिया काही क्षणांत उरकते. बाजारात भट्टी पेटलेली असेल तर उभे राहून अवश्य पाहावी.

तयार कोयत्यावर ही पारख कानशीने करता येते. घरातली एक चांगली, न झिजलेली कानस सोबत न्यावी आणि विचारून धारेवर हलकेच फिरवावी. कानस लोण्यातून गेल्यासारखी चावत गेली तर धार मऊ आहे, पहिल्याच गाठीवर ती मुडपेल. कानस काचेवरून घसरावी तशी सुळकन निसटली तर धार फार कडक आहे, दगडाला लागताच तिला खांडे पडतील. जोर लावल्यावर कानस चावते, पण कण काढायला कष्ट पडतात, ही मधली अवस्था आपल्याला हवी आहे. कारखान्यातील भाषेत बोलायचे तर कडकपणाच्या रॉकवेल मापावर 50 ते 55. स्वयंपाकघरातील उत्तम सुरी याहून कडक असते, परंतु तिला बाभळीवर घाव घालायचे नसतात.

शेवटी पात्याचे टोक लाकडावर टेकवून थोडासा दाब द्यावा. पाते किंचित वाकून सरळ व्हावे. वाकलेलेच राहिले तर परत द्यावे. पाठीवर नखाने किंवा नाण्याने टिचकी मारावी. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर आहे किंवा मूठ तरी सैल आहे.

स्टेनलेसविषयीही अनेकांनी विचारले आहे. स्वस्त स्टेनलेस कोयते गंजत नाहीत, परंतु धार टिकवत नाहीत. नारळ सोलण्यापुरते ते चालतील.

आम्ही काही मित्र हरिहर, अंजनेरी, कळसूबाई या भागांत भटकंती करतो. पावसाळ्यानंतर वाटा बुजलेल्या असतात. सोबत कोयता ठेवणे योग्य आहे का आणि कायद्याने चालते का? — एक वाचक, कॉलेज रोड

आधी कायद्याचे पाहू. शस्त्र नियम 2016 मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात. मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. शेतीचा कोयता त्यामुळे सुटतो. आधी उल्लेख केलेले काळे, लढाऊ थाटाचे हत्यार “शेतीचे आहे” असे सांगून पटवणे तितके सोपे जाणार नाही, हेही ते न घेण्याचे एक कारण आहे. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 (1) खाली शहरात वेळोवेळी शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेश निघतात आणि नाशिक शहर त्याला अपवाद नाही. कोयता हातात नाचवत टोळक्याने फिरण्याच्या बातम्या आपण वाचतोच. पोलिसांनी दुचाकीला अडकवलेला उघडा कोयता पाहून थांबवले तर दोष त्यांना देता येणार नाही. कोयता म्यानात घालून, गोणपाटात गुंडाळून, गाडीच्या डिकीत ठेवावा आणि कामाच्या जागी पोहोचल्यावरच काढावा.

आता आपल्या नेमक्या ठिकाणांविषयी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 31 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत सुऱ्यांचाही समावेश आहे. तेथे शेतीचे हत्यार असल्याची सबब उपयोगी पडत नाही. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरलाही हाच नियम लागू आहे. अंजनेरीच्या परिसरात कंदीलपुष्पाची एक जात आढळते, तिचे शास्त्रीय नावच सेरोपेजिया अंजनेरिका असे आहे आणि तिचे अस्तित्व याच टापूपुरते मर्यादित आहे. फुलोऱ्यावर नसताना ती इतर गवतात ओळखू येत नाही. अशा ठिकाणी “जरा वाट साफ करू” म्हणून पाते फिरवणाऱ्याला आपण काय तोडले, हे कळतही नाही. राखीव वनात तर झाड किंवा फांदी तोडणे हाच भारतीय वन अधिनियम 1927 खाली गुन्हा आहे.

म्हणून सल्ला असा, की भटकंतीसाठी कोयता नेऊच नये. कारवीच्या रानातून वाट काढायला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पाच फुटांची काठी पुरते. घोणस आणि फुरसे यांच्या दृष्टीनेही काठी बरी, कारण पुढचे गवत चाळवत गेले की त्यांना सरकायला वेळ मिळतो. कोयत्याने गवत कापायला वाकलेल्या माणसाचा हात नेमका त्यांच्या टप्प्यात जातो.

आपण दुर्गसंवर्धनाच्या मोहिमेत परवानगीसह काम करत असाल तर गोष्ट निराळी. तेव्हा दहा-अकरा इंचांची हलकी कोयती पुरेशी आहे. तटबंदीत रुजलेले पिंपळाचे वा उंबराचे रोप मात्र कधीही उपटू नये. मुळांबरोबर चिरे निखळतात. ते चिऱ्याच्या पातळीला कापावे आणि पुढचे काम जाणकारांवर सोपवावे.

वडिलांचा कोयता पात्याने अजून उत्तम आहे, परंतु मूठ सारखी निसटते. राबाच्या, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्याच्या, टहाळासाठी तो रोज लागतो. मूठ कोणत्या लाकडाची करावी? प्लॅस्टिकची चालेल का? — एक वाचक, पेठ

पाते चांगले असेल तर तो कोयता सोडू नका. बाभळीचे किंवा शिसवीचे वाळलेले लाकूड घ्यावे. ओल्या लाकडाची मूठ उन्हाळ्यात आकसते आणि पुन्हा हलू लागते. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीने जाणाऱ्या असाव्यात. पात्याची शेपटी मुठीत शिरते तेथे लोखंडी शेंबी, म्हणजे कडे, घट्ट बसवावी, नाहीतर लाकूड उभे फाटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेपटी मुठीच्या पार मागे निघून तेथे ठोकून पसरवलेली असावी. अर्ध्यातच थांबलेली शेपटी लाखेवर किंवा पाचरीवर किती दिवस टिकणार? झाडावर चढून टहाळ तोडताना सुटलेले पाते खाली उभ्या असलेल्या माणसाच्या दिशेने जाते, तेव्हा हा खर्च टाळू नये.

प्लॅस्टिकची मूठ घामाने घसरते. रबराची बरी, पण ऐन हंगामात तळहाताला फोड आणते. मुठीचे मागचे टोक करंगळीखाली किंचित वळलेले ठेवले की हात निसटत नाही आणि मूठ आवळून धरावी लागत नाही.

इगतपुरीच्या पावसात कोयता आठवड्यात गंजतो. दुकानात धार लावून आणली तर ती टिकत नाही. काय करावे? — एक वाचक, घोटी

गंजावर उपाय साधा आहे. काम झाले की चीक आणि माती धुवावी, पाते कोरडे पुसावे आणि खोबरेल किंवा मशीनचे तेल चोळावे. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. माळ्यावर कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवणे उत्तम.

धार न टिकण्याचे कारण बहुधा दुकानातील कोरडे चाक हे आहे. परत आलेल्या कोयत्याच्या धारेवर निळसर डाग दिसतो का, ते पाहावे. दिसला तर तेथे पोलाद 300 अंशांच्या आसपास तापले होते आणि लोहाराने दिलेले पाणी तेवढ्या भागात उतरले आहे. ती पट्टी झिजून जाईपर्यंत तेथे धार धरणार नाही. घरीच कानशीने दोन्ही बाजूंना साधारण 20 ते 25 अंशांचा उतार द्यावा आणि शेवटी पाणी लावलेल्या दगडावर चार हात फिरवावेत. वस्तऱ्यासारखी पातळ धार गवताला ठीक; लाकडावर ती लगेच मुडपते.

द्राक्षबागेच्या छाटणीला कोयता वापरावा का? — एक वाचक, पिंपळगाव बसवंत

मुळीच नाही. काडीचा काप स्वच्छ हवा, आणि तो छाटणीच्या कात्रीनेच येतो. कोयत्याने काडी चिरडते आणि तेथून रोग शिरतो. बागेच्या कडेचे शेवरीचे कुंपण उतरवायला कोयता घ्या.

मी डावखुरा आहे. माझा घाव नेहमी तिरका जातो. दोष सवयीचा की कोयत्याचा? — एक वाचक, सिन्नर

कोयत्याचा असण्याची शक्यता अधिक. अनेक लोहार एकाच अंगाला उतार देतात आणि तो उजव्या हाताच्या हिशेबाने असतो. डाव्या हाताने मारल्यावर असे पाते लाकडात सरळ न जाता बाहेर सरकते आणि खोडावरून उडते. हे गैरसोयीचे आहे आणि धोक्याचेही. धार उजेडात आडवी धरून पाहावी. एक बाजू सपाट आणि दुसरी उतरती दिसली तर कानशीने सपाट बाजूलाही उतार देऊन ती दुपाखी करून घ्यावी. नवा घेणार असाल तर घडवतानाच लोहाराला डाव्या हाताचा हवा असे सांगावे. त्याला यात वेगळे काही करावे लागत नाही, फक्त पाते उलट्या अंगाने उतरवायचे असते.