विचारा, सांगतो!

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला आलोय. इथे थंडीतही साध्या पाण्याचा ग्लास बर्फाने अर्धा भरून देतात. का हो? (एक वाचक, मूळ सांगली)

उत्तर : काका, बर्फ नको म्हणून आधीच सांगा, ग्लास समोर आल्यावर सांगून काय उपयोग? या सवयीला थोडा हातभार बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा. हा पठ्ठ्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समधली गोठलेली तळी कापून बर्फ विकायचा. गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा दारूच्या गुत्तेवाल्यांना त्याने सुरुवातीला बर्फ फुकट दिला. एकदा गार पेयाची चटक लागली की लोक आपणहून मागतील, हा हिशेब. (फुकट सिमकार्डं वाटणाऱ्यांचा हा पणजोबाच!) १८३३ मध्ये त्याने थेट कलकत्त्याला जहाज धाडलं. चार महिन्यांच्या प्रवासात सुमारे १८० टनांपैकी १०० टन शाबूत राहिला. पुढे मुंबईतल्या साहेबांच्या ग्लासातही हाच अमेरिकन बर्फ किणकिणू लागला.

आता कोल्ड्रिंकचं. बर्फ भरला की पेय कमी लागतं, पण तिथे बऱ्याच ठिकाणी पुन्हा भरून घ्यायला पैसे पडत नाहीत. तेव्हा कंजूषपणाचा आरोप मी तरी करणार नाही. रूट बिअर मात्र जपून घ्या. दारू नसते, पण पहिल्या घोटाला दुखऱ्या गुडघ्याला चोळायचं मलम आठवतं.