वाचकांच्या शंका : बोंडअळी, देवमासा आणि गळ्यातली माळ

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या राज्य मंडळाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागातील पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. तो शिकवताना एका मुलाने विचारले, “मॅडम, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला का? पाहिला नसेल, तर हे सिद्ध झालं असं कसं म्हणायचं?” मी पुस्तकातले पुरावे सांगितले, पण त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. पुढच्या आठवड्यात त्याचे वडील शाळेत आले. ते माळकरी आहेत, वारी कधी चुकवत नाहीत. हे शिकवणे म्हणजे देव नाही असे शिकवणे आहे का, एवढेच त्यांनी शांतपणे विचारले. दोघांना काय उत्तर द्यावे?

उत्तर : आधी मुलाच्या प्रश्नातील ‘सिद्ध’ या शब्दाकडे पाहू, कारण अर्धा घोटाळा तिथेच आहे. दहावीचा विद्यार्थी हा शब्द भूमितीच्या तासाला शिकतो : पक्ष, साध्य, सिद्धता. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकदा सिद्ध झाली की तिथे नव्या पुराव्याला जागा उरत नाही. निसर्गाविषयीचे कोणतेही विधान या अर्थाने सिद्ध होत नाही, गुरुत्वाकर्षणाचेही नाही. मात्र मराठीत आणखी एक शब्द आहे, तो न्यायालयातला : शाबीत. स्वतंत्र ठिकाणांहून मिळालेले पुरावे एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवतात आणि दुसरा कोणताही खुलासा त्या सर्वांना पुरत नाही, तेव्हा गोष्ट शाबीत होते. उत्क्रांती या अर्थाने शाबीत झालेली आहे, आणि तीही अतिशय भक्कमपणे.

‘कुणी पाहिले का’ हा आक्षेप केवळ आपल्या विद्यार्थ्याचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जवळजवळ हेच म्हटले होते : माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेले वा सांगितलेले नाही, म्हणून डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. सिंह हे पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्ष पाहणारा एकही साक्षीदार नसताना परिस्थितीजन्य पुराव्यावर गुन्हा शाबीत होतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार! शिवाय आजच्या माकडाचा माणूस झाला, असे डार्विनने म्हटलेच नव्हते. चिंपांझी आणि माणूस हे नात्याने चुलते-पुतणे नव्हेत, तर चुलतभाऊ आहेत. दोघांचे समान पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेले.

पण उत्क्रांती डोळ्यांनी पाहायचीच असेल, तर आपल्या जिल्ह्यातील मुलाला लांब जावे लागणार नाही. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याच्या झाडात अळीला मारक असे प्रथिन तयार होते. त्या वेळी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे छोटे पाकीट मिळू लागले, ते शेताच्या कडेने लावायचे होते. बहुतेकांनी ते लावले नाही, कारण अळीला खायला घालण्यासाठी ओळी कोण लावणार? त्या पाकिटामागचा हिशेब मात्र सरळ उत्क्रांतीचा होता. कोट्यवधी अळ्यांत एखादी जन्मतःच बीटीला दाद न देणारी असते. सगळे शेत बीटीचे असेल, तर तीच तेवढी जगते आणि तिचे पतंग आपसांतच जोडीला येतात. कडेच्या साध्या झाडांवर मात्र बीटीला बळी पडणाऱ्या अळ्याही वाढतात. त्यांचे पतंग या मोजक्या प्रतिकारक पतंगांशी जुळले की बहुतेक पिल्ले पुन्हा बीटीने मरण्याजोगी होतात. कडेच्या ओळी लागल्या नाहीत आणि पुढचे भाकीत खरे ठरले : गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने काय केले, हे वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ठाऊक असेल. धड्यातली ‘नैसर्गिक निवड’ ती हीच.

यावर हुशार मूल म्हणेल की अळी शेवटी अळीच राहिली, तिचा काही वाघ झाला नाही. आक्षेप रास्त आहे. वीस-पंचवीस वर्षांत तेवढेच दिसणार. मोठ्या बदलांसाठी खडकांकडे जावे लागते. मी अशा वेळी देवमाशाची गोष्ट सांगतो, कारण तिचे बरेचसे पुरावे आपल्याच उपखंडात सापडले आहेत आणि त्या गोष्टीत शास्त्रज्ञांची फजितीही आहे.

देवमासा हा मासा नाही. तो हवेत श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो आणि मागचे पाय नसतानाही त्याच्या अंगात कमरेची छोटी हाडे उरलेली असतात. म्हणजे त्याचे पूर्वज जमिनीवर चालणारे असले पाहिजेत. पण कोण? जीवाश्मांचे अभ्यासक बराच काळ खुरे असलेल्या मांसाहारी प्राण्यांच्या एका नामशेष गटाकडे बोट दाखवत होते, कारण दातांत साम्य होते. १९९० च्या दशकात डीएनएची तुलना करणाऱ्यांनी वेगळेच सांगितले : देवमाशाचा आजचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा आहे. हाडांचे जाणकार ते मानायला तयार नव्हते. वाद एका हाडावर येऊन ठेपला. गाय, शेळी, डुक्कर, पाणघोडा या दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांच्या घोट्यात दोन्ही टोकांना कप्पीसारखा आकार असलेले एक हाड असते, जे इतर सस्तन प्राण्यांत तसे नसते. देवमाशाचे पूर्वज याच कुळातले असतील, तर त्यांच्या घोट्यात ते सापडायला हवे होते. २००१ मध्ये पाकिस्तानातील खडकांतून पाय असलेल्या प्राचीन देवमाशांचे घोटे मिळाले आणि त्यांत ते दुहेरी कप्पीचे हाड होते. दातांवरून बांधलेला अंदाज चुकला होता आणि तो चुकला हे मान्य करणाऱ्यांत आधी तो मांडणारेही होते.

पुढचा दुवा जम्मू-काश्मीरमधील कालाकोटचा. ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने तिथून आणलेले खडक वर्षानुवर्षे न फोडताच पडून होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या अभ्यासकाच्या स्वाधीन केले. ते साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाच्या हाडाची जी जाड भिंत दिसली, ती एरवी फक्त देवमाशांच्या कुळात आढळते. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या, मांजराएवढ्या या खुरवाल्या प्राण्याला ‘इंडोहायस’ म्हणतात. कच्छमधील खडकांतून याहून थोड्या अलीकडचे, लांब थोबाडाचे आणि आखूड पायांचे देवमासे मिळाले आहेत. डीएनए, घोटा, कान आणि खडकांचे वय यांचे अभ्यासक वेगळे, त्यांच्या पद्धती वेगळ्या, आणि तरी साक्ष एकच; शाबीत होणे म्हणतात ते हेच.

उत्क्रांती चुकीची ठरूच शकत नाही, असे मात्र कुणी समजू नये. ती कशाने खोटी ठरेल, असे विचारल्यावर जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी ‘कँब्रियनपूर्व काळातील सशाने’ असे उत्तर दिल्याचे सांगतात. चोपन्न कोटी वर्षांहून जुन्या खडकात सशाचे हाड मिळाले, तर सगळीच मांडणी कोसळेल. अद्याप ते मिळालेले नाही.

आता वडिलांचा प्रश्न. ‘नाही, हे शिकवणे म्हणजे देव नाही असे शिकवणे नव्हे’, हे आपण त्यांना निःशंकपणे सांगू शकता. डार्विनने १८७९ मधील एका पत्रात लिहिले होते की, माणूस निस्सीम आस्तिक आणि त्याच वेळी उत्क्रांतिवादी असू शकतो याविषयी शंका घेणे हास्यास्पद आहे. स्वतः डार्विन तेव्हा आस्तिक उरला नव्हता, म्हणून या कबुलीचे वजन अधिक. विसाव्या शतकात उत्क्रांतीला आनुवंशिकतेचा पाया देणाऱ्यांपैकी थिओडोसियस डोबझान्स्की श्रद्धावान ख्रिस्ती होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९९६ मध्ये हा सिद्धान्त केवळ तर्क राहिलेला नाही असे म्हटले. आपल्याकडे लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त सांख्यांच्या सृष्टिक्रमाशेजारी पाश्चात्त्य उत्क्रांतिवाद ठेवून दोघांची तुलना केली आणि गीतेवरची त्यांची निष्ठा त्याने तसूभरही हलली नाही.

तथापि संघर्ष मुळीच नाही असे म्हणून मी त्यांची फसवणूक करणार नाही. प्रत्येक प्राणी आज दिसतो तसाच, वेगवेगळा घडवला गेला, अशी कुणाची श्रद्धा असेल तर तिच्याशी उत्क्रांतीचे जमत नाही आणि गोड बोलून ते जमवताही येणार नाही. पण विठ्ठलाला भेटायला चालत जाणाऱ्या माणसाची श्रद्धा घोट्याच्या हाडावर उभी नसते. त्यांना एकदा वर्गात बसायला बोलवा. बोंडअळीविषयी ते आपल्यापेक्षा अधिक सांगतील.

प्रश्न : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा दशावतारांचा क्रम म्हणजे उत्क्रांतीच नव्हे काय? मग ती आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होती, असे का म्हणू नये? (ठाणे)

उत्तर : साम्य वेधक आहे, पण ते कधी दिसू लागले ते पाहावे. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. ही तुलना छापील स्वरूपात थिऑसॉफिकल सोसायटीच्या एक संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७ मध्ये मांडली. पुराणांवर पिढ्यान्‌पिढ्या टीका लिहिणाऱ्यांना अवतारांचा हा अर्थ कधी सुचला नाही, कारण तिथे विषय वेगळाच आहे : एकच देव संकटकाळी वेगवेगळी रूपे घेतो. मत्स्यापासून कूर्म जन्मत नाही आणि वामनाचे वंशज म्हणून परशुराम येत नाहीत. उत्क्रांतीचा प्राण मात्र वंशपरंपरेत आणि फाटे फुटण्यात आहे.

आणि क्रम जुळतो म्हणून श्रद्धा खरी ठरवायची, तर जिथे तो जुळत नाही तिथे काय करणार? पाण्यातून जमिनीवर ही चढती भाजणी वर सांगितलेल्या प्राण्याने सरळ उलटी केली आहे : तो खुरांवर चालत होता, मग पाण्यात शिरला आणि तिथलाच झाला. आपल्या भाषेने त्याचे नाव देवमासा ठेवले आहे.