दीड महिना झाला, मुरगळलेला घोटा अजून दुखतोय. आता काय करू?

बर्फ, क्रेप बँडेज, गोळ्या, आराम झाला, एक्स-रेत फ्रॅक्चर नाही, तरी जिना उतरताना दुखतं आणि संध्याकाळी सूज येते, असं तुम्ही लिहिलंय. संध्याकाळची थोडी सूज दोन-तीन महिने रेंगाळू शकते, तिची फार काळजी नको. पाऊल टाकताना दुखतंय, त्याचं कारण शोधायला हवं. एका बोटाने दाबून नेमकी जागा बघा.

बाहेरच्या घोट्याच्या पुढे-खाली दुखत असेल तर नेहमीचं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, दुखावलंय. दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमध्ये असेल आणि पाऊल बाहेर वळवताना कळ येत असेल, तर वरचं लिगामेंट. त्याला बराच जास्त वेळ लागतो. बाहेरच्या घोट्याच्या हाडामागे काहीतरी सरकून कट्ट वाजत असेल तर स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी तपासावी लागते. सांध्यात खोलवर दुखत असेल किंवा सांधा अडकत असेल तर कूर्चा, म्हणजे सांध्यातलं हाडांवरचं गुळगुळीत आवरण, दुखावली असू शकते. ती एक्स-रेत सहज निसटते, म्हणून ऑर्थोपेडिककडे जाऊन एमआरआयचं विचारा. करंगळीच्या बाजूला, पावलाच्या मध्यावरचं हाड दाबून दुखलं तर पावलाचा वेगळा एक्स-रे काढा. घोट्याच्या फोटोत ते हाड नीट येईलच असं नाही.

फक्त नेहमीचं लिगामेंट असेल, बाकी यातलं काही नसेल तर माझ्या मते आता आराम पुरे. भिंतीसमोर उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. दुखऱ्या पायाचा अंगठा भिंतीपासून चांगल्या पायाइतका लांब ठेवून जमत नसेल तर सांधा आखडलाय. हेच दहा वेळा, तीन फेऱ्या करा. मग रबरी पट्ट्याला ताण देत पाऊल बाहेर वळवणं आणि टाचा उचलणं, दोन्ही पंधराच्या तीन फेऱ्या. टाचा आधी दोन्ही पायांवर, जमल्यावर एकावर.

सगळ्यात जास्त टाळला जातो तो तोल. ओट्याला हात पोचेल असं उभं राहून एका पायावर 30 सेकंद, जमलं की डोळे मिटून. लिगामेंट ताणलं की पाऊल कुठे आणि कसं पडतंय याची जाणीव मंदावते. म्हणून ताकद आली तरी तोच घोटा परत परत मुरगळतो.

दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर फेऱ्या निम्म्या करा. खडबडीत रस्त्यावर ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) घाला, रात्री काढा. घोटा जोरात चोळून किंवा ओढून ‘बसवून’ घेऊ नका.

पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रक्ताची गुठळी असू शकते. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सीत.