आभाराचा फ्लेक्स नको, घरी जा

पत्र (थोडक्यात): “मी कोल्हापुरात एका पेठेत राहते. यंदा महापालिकेला अपक्ष उभी राहिले आणि पडले. बचत गटातल्या बायका, गल्लीतली पोरं राबली, शेजाऱ्यांनी वर्गणी काढली. निकालापासून मी घराबाहेर पडलेली नाही. मिस्टर म्हणतात, तांबडा-पांढरा करून सगळ्यांना जेवायला घालू, विषय संपला. दीर म्हणतात, चौकात आभाराचा फ्लेक्स लावू. मला मात्र आमच्याच बूथवरचे आकडे आठवतात आणि कुणाच्या तोंडाकडे बघवत नाही. समोर गेल्यावर रडू आलं तर?”

ताई, आधी तो बूथच्या आकड्यांचा कागद कपाटात टाका. कुणी फसवलं याचा हिशेब डोक्यात घेऊन आभार मानायला गेलात, तर समोरच्याला ते पहिल्या मिनिटात कळतं. आणि खरं सांगायचं तर त्या कागदावरून काही सिद्धही होत नाही. 2015 ला 81 प्रभाग होते आणि प्रत्येकात एकच नगरसेवक, त्यामुळे ओळखीचं माणूस बघून मत देता यायचं. यंदा बहुतेक प्रभागांत चार-चार जागा. मतदाराला अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची, आणि पॅनेलवाल्यांनी घरोघरी चिन्हं पाठ करून घेतलेली. त्यात एकटी अपक्ष मागं पडणारच. तुमच्यावर माया असलेल्यांचंही बटण चुकलं असेल.

फ्लेक्स नको. त्यावर सगळ्यात मोठा फोटो तुमचाच असणार! जेवणावळीचं म्हणाल, तर मतदानाआधी पेठेत कुणी कुणी पंगती उठवल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या पोरांनी चहा-वड्यावर काम केलं, त्यांना आता मटण घालून मोकळं होऊ नका. मिस्टरांना हौसच असेल तर दोन महिन्यांनी करा, निवडणुकीचा विषय न काढता.

घरी जा, एकट्या जा. पोरांच्या घरी तर जाच, कारण त्यांची अडचण तुमच्यापेक्षा मोठी आहे. तालमीनं, म्हणजे पेठेतल्या पोरांच्या मंडळानं, एकाला पाठिंबा द्यायचा आणि आपण दुसऱ्याच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन फिरायचं, हे पेठेत सोपं नसतं. तुम्ही घरात बसून आहात, ती मात्र रोज कट्ट्यावर टोमणे खात असतील. घरातही “काय मिळालं लगा त्यात?” हे ऐकत असतील. म्हणून आभार त्यांच्या आई-वडिलांसमोर माना, आणि नेमकं काम सांगून माना. “तुमच्या पोरानं शिरोली एमआयडीसीतली कामाची हजेरी बुडवली आणि सकाळी साडेसातपासून बूथवर बसला,” असं. नुसतं “सगळ्यांनी खूप केलं” म्हणालात तर ते कुणालाच लागू होत नाही.

जमलं तर त्याआधी निवडून आलेल्या बाईंचं अभिनंदन करून या. तुम्हाला ते कडू लागेल, पण तुम्ही त्यांच्याशी बोललात म्हटल्यावर पोरांनाही तालमीत परत बसायला वाट होते.

आता वर्गणी. उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही करायला उभे राहिले त्यांच्यापासून दहा रुपये देणाऱ्या भाजीवालीपर्यंत सगळ्यांना हिशेब दाखवा. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब तुम्हाला निवडणूक कार्यालयात द्यावाच लागतो. हरलेल्यांनाही ते चुकत नाही आणि न दिल्यास निवडणूक लढवायला काही काळ अपात्र ठरवता येतं. त्याचीच एक झेरॉक्स बचत गटाच्या बैठकीत ठेवा. काही शिल्लक असेल तर तिचं काय करायचं ते बायकांनाच ठरवू दे.

“आता आमच्या गटारीचं काय?” हे कुणीतरी विचारणारच. तिथं सांभाळून. वॉर्ड ऑफिसला अर्ज नगरसेवक नसतानाही देता येतो, कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील उतरले तेव्हा तेही काही आमदार नव्हते. पण प्रचारात दिलेली सगळी आश्वासनं पुन्हा देऊ नका. तुमच्याच्यानं होईल असं एखादं काम घ्या, बाकीच्याला सरळ नाही म्हणा.

आणि रडू आलं तर येऊ दे, त्यात काय एवढं. फक्त ज्यांचे आभार मानायला गेलात त्यांनाच तुमची समजूत काढत बसायला लावू नका. तोंडावर पाणी मारा, चहा घ्या आणि पुढच्या घरी चला.