ग्लिटर पोर्ट्रेट: पहिल्या शूटआधी
क्राफ्टचं ग्लिटर चेहऱ्यावर अजिबात नको. त्याचे कण टोकदार असतात, डोळ्यात गेले तर बुबुळावर ओरखडा उठतो. कॉस्मेटिक ग्लिटरच घ्या आणि पापण्यांच्या कडेपासून लांब ठेवा. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन ब्रशने थापत लावा; घासलंत की थर विरळ होतो.

मोठ्या सॉफ्टबॉक्सखाली (फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारा कापडी डबा) चमक मरते. प्रत्येक कण म्हणजे इवलासा आरसा, त्याला लहान, कडक प्रकाश हवा. म्हणून उघडा, म्हणजे पुढे काहीही न लावलेला फ्लॅश ४५ अंशांवर बाजूला ठेवा. कॅमेऱ्यात सुरुवात एफ/८ (लेन्सचं छिद्र), १/१६० सेकंद (शटरचा वेग), आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता) वर करा. कणांवरचे ठिपके पांढरे जळाले तरी चालतील, एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ हवा ते, त्वचेवरूनच ठरवा. मान किंचित वळवली तरी वेगळे कण पेटतात, त्यामुळे एकाच पोझचे दहा-बारा फोटो घ्याच. शेवटी ग्लिटर आधी चिकटपट्टीने टिपा, मग तेलाच्या बोळ्याने पुसा.