कोल्हापुरात नोकरी करायची तर जर्मन शिकण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, गाव गडहिंग्लजजवळ, घरात आईमुळे कानडी बोलता येतं, आणि आता क्लासवाले जर्मनसाठी मागे लागलेत. जास्त भाषा आल्या तर नोकरीत खरंच फायदा होतो का?

होतो. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत परदेशी ऑर्डरींचं काम बघतो, त्यामुळे रोज बघतोय. पण तुम्ही कानडीचा उल्लेख जाता जाता केलाय आणि जर्मनवर चार ओळी लिहिल्यात. माझ्या मते हे उलटं झालंय.

इथल्या कारखान्यांचं बरंच गिऱ्हाईक निपाणीच्या पलीकडं आहे. संकेश्वर, चिकोडी, गोकाक या भागात साखर कारखाने किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. ऐन गाळपात मिल बंद पडली की तिथला फिटर फोन करतो. बेअरिंग कधीपासून तापतंय, आवाज कुठल्या बाजूनं येतोय, आधी कुणी काय उघडलं होतं, सगळं तो कानडीत धडाधडा सांगतो. तोच माणूस हिंदीत “खराब हो गया, जल्दी आओ” एवढ्यावर थांबतो. मग कानडी येणारा सर्व्हिस इंजिनिअर योग्य पार्ट गाडीत टाकूनच निघतो आणि दुसऱ्याची एक फेरी फुकट जाते. डिप्लोमा दोघांचाही सारखाच असतो. दवाखान्यांचंही तसंच. उत्तर कर्नाटकातून कोल्हापूरला पेशंट येतात, त्यामुळे काउंटरला कानडी बोलणारं माणूस लागतंच.

फक्त एक गोष्ट तपासा: कानडी वाचता येतं का? मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना येत नाही. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीत ज्या राज्यातून अर्ज कराल तिथली भाषा वाचता, लिहिता आणि बोलता यावी लागते. कर्नाटकातून अर्ज करायचा तर आईशी गप्पा मारण्याइतकं कानडी पुरणार नाही. बोलणं येतच असल्यानं लिपी मात्र लवकर बसेल.

इंग्रजीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. परदेशी गिऱ्हाइकाकडून कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लो होल, म्हणजे वायूमुळे पडलेलं छिद्र, सापडल्याची तक्रार येते, सोबत फोटो. त्याला ८डी रिपोर्ट, म्हणजे तक्रार कशी सोडवली त्याचा ठरावीक आठ पायऱ्यांचा अहवाल, पाठवायचा असतो: दोष कुठं, मूळ कारण काय, तात्पुरता बंदोबस्त काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. सँड शॉपमधल्या (साच्याची वाळू तयार होते त्या विभागातल्या) माणसाला कारण माहीत असतं, पण लिहिता येत नाही. ऑफिसातल्याला लिहिता येतं, पण वाळूतल्या ओलाव्याशी त्याचा संबंध नसतो. ज्याला दोन्ही जमतं तो पुढच्या कॉलला साहेबाच्या शेजारी बसतो. पगारवाढीच्या वेळी त्याचंच नाव आधी आठवतं, हे मी अनेकदा पाहिलंय. आणि शॉपवर बिहार-ओडिशाकडची पोरं असतात, तेव्हा हिंदी लागणारच. ते तुम्हाला येतंय.

आता जर्मन. जर्मन ड्रॉइंगवर १२,५ म्हणजे साडेबारा, आणि १.२५० म्हणजे बाराशे पन्नास. स्वल्पविराम आणि टिंबाची अदलाबदल असते. ओतीव लोखंडाच्या ग्रेडमध्ये ईएन-जीजेएल-२५० म्हणजे ग्रे आयर्न, ईएन-जीजेएस म्हणजे एसजी आयर्न. एवढं समजायला क्लास लागत नाही, कामावर महिनाभरात येतं. ए१ च्या, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीच्या, सर्टिफिकेटला इथल्या कारखान्यात कुणी जास्त पगार देताना मी तरी पाहिलेलं नाही. तिकडं जाऊन काम करायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. नर्सिंगवाल्यांना साधारण बी२ पर्यंत, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत, जावं लागतं, आणि ए१ पासून तिथवर पोचणं हे नोकरी सांभाळून सहा महिन्यांचं काम नव्हे, राव.

तरी शिकायचंच असेल तर आधी शिवाजी विद्यापीठातल्या परदेशी भाषांच्या कोर्सची चौकशी करा. क्लासवाल्यांना फी देण्याआधी दोन प्रश्न विचारा: बी१ ची बॅच कोल्हापुरातच होते का, आणि मागच्या बॅचमधली किती पोरं परीक्षेला बसली? “पुढचं पुण्यात” असं उत्तर आलं तर पुण्यातल्या खोलीचं भाडंही हिशेबात धरा.